वीस श्वास

श्वास मोजताना माणसाला कळू द्यायचं नसतं. कळलं, की तो लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो आणि मग खरं काही हाती लागत नाही. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर मात्र छातीवर ठेवायची. पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचे नाहीत, कारण म्हाताऱ्यांचा श्वास मध्येच अडतो, रेंगाळतो, विसरल्यासारखा थांबतो आणि मग आठवल्यासारखा पुन्हा सुरू होतो.

नेरिसामॅमनी हे जेमलिनला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आश्रमात नर्स अशा त्या एकट्याच.

“आणि मोजल्याशिवाय लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “हे मी सगळ्यांनाच सांगते. ऐकतं किती जण, ते विचारू नकोस.”

ओतोन गावाच्या किनाऱ्याजवळ नन्सनी चालवलेल्या त्या वृद्धाश्रमात अठ्ठावीस म्हातारी माणसं होती आणि सकाळच्या पाळीला मदतनीस दोन. एक जेमलिन, दुसरी मानांग पासिंग; मानांग म्हणजे मोठी ताई. पहाटे पाचच्या फेरीत सगळ्यांचा ताप, नाडी, श्वास चार्टवर लिहायचा, अंथरुणं बदलायची, अंग पुसायचं आणि सातच्या ठोक्याला पेजेचं पातेलं बाहेर काढायचं. मानांग पासिंगला या कामात पंधरा वर्षं झाली होती. ताप ती कपाळाला हात लावून सांगायची आणि तो बरोबरही निघायचा. नाडी मनाला येईल ती. श्वास मात्र सगळ्यांचा एकच, वीस.

“अठ्ठावीस मिनिटं नुसतं लोकांच्या छातीकडे बघत बसलं, तर पेज कोण भरवणार? तुझा नवरा?”

“तो मनिलात सिमेंट कालवतोय, मानांग.”

“मग लिही वीस. वीस म्हणजे कसं, कोणी काही विचारत नाही. अठरा लिहिलं की डॉक्टर विचारतो, चोवीस लिहिलं की नेरिसा धावत येते. वीस लिहिलं की सगळे सुखी.”

जेमलिन हसायची आणि तरी मोजायची. तिचं गणितच वेगळं होतं. शहरातलं नर्सिंग कॉलेज दर वर्षी दोन जागा अशा मुलींसाठी ठेवायचं, ज्यांनी आधी रुग्णांपाशी हजार तास काम केलंय आणि तिथल्या प्रमुखाचं पत्र आणलंय. फी माफ. पत्रात एक वाक्य असावंच लागायचं, कॉलेजनंच ते नेमून दिलं होतं: ‘या मुलीच्या हाती माणूस सोपवता येतो.’ अर्जाची शेवटची तारीख एकतीस मे. जेमलिन तेवीस वर्षांची होती, तिला दहा महिन्यांची मुलगी होती आणि या वर्षी ती जागा मिळाली नाही तर पुढच्या वर्षी काय होईल, नवरा मनिलातच राहील की आणखी लांब जाईल, आई किती दिवस पोर सांभाळेल, यातलं तिला काहीच सांगता येत नव्हतं. मेच्या मध्यावर तिचे नऊशे बावन्न तास भरले होते.

त्या सकाळी तिच्या लेकीला, टिंटिनला, ताप होता. रात्रभर पोर कुरकुरत होती. पहाटे निघताना जेमलिननं तिला आईच्या मांडीवर दिलं तेव्हा ती इतकी गरम लागली, की कामावर जाईपर्यंत हाताला ती ऊब चिकटून राहिली. पाचची फेरी संपत आली होती. फक्त शेवटची खोली राहिली होती, तेवढ्यात फोन थरथरला. आईचा निरोप होता: ‘ताप परत चढला. दूध ओकली.’

शेवटच्या खोलीत लोलो तेओफिलो असायचे; लोलो म्हणजे आजोबा, लोला म्हणजे आजी. आयुष्यभर गिमारास बेटाच्या बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस. जेमलिन मनगट धरायला वाकली की म्हणायचे, “बघ गं इंदाय, बघ गं पोरी, इंजिन चालू आहे का आमचं?” मग हसायचे आणि मोजणी चुकवायचे. झोपेत त्यांच्या नाकातून बारीक शीळ वाजायची.

जेमलिन दारात उभी राहिली. एका हातात चार्ट, दुसऱ्यात फोन. लोलो खिडकीकडे तोंड करून झोपले होते, पांघरूण खांद्यापर्यंत. झोपू दे बिचाऱ्यांना, असं तिच्या मनात आलं. निदान तसं आलं असं तिनं नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं. तिनं लिहिलं: सहा दहा. ताप साडेछत्तीस. नाडी बहात्तर. श्वास वीस. आणि मागच्या ओट्यावर जाऊन आईला फोन लावला.

सातला मानांग पासिंग पेजेची वाटी घेऊन त्या खोलीत गेली आणि वाटी तशीच भरलेली घेऊन बाहेर आली. दार तिनं मागून हळूच लोटलं.

“लोलो गेले.”

“कधी?”

“मला विचारतेस? सहाला तूच होतीस ना आत?” मानांगनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणला. “जबडा ताठलाय, इंदाय. हात वाकत नाही. हे काही आत्ताचं नाही.”

जेमलिननं काही बोलायच्या आत मानांगनं तिचा दंड धरला. “तोंडाला कुलूप. इथे सगळेच वीस लिहितात. उगाच आपल्या दोघींच्या पोटावर पाय आणू नकोस.”

डॉक्टर साडेआठला आले. त्यांच्यामागे आणखी दोन ठिकाणं होती. त्यांनी चार्ट पाहिला, सहा दहाला माणूस जिवंत, सातला गेलेला. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांनी सहा चाळीस लिहिलं. आश्रमाच्या प्रमुख सिस्टर बेनिल्दे दाराशी उभ्या होत्या, सत्तरीच्या, चिमणीएवढ्या.

“शेवटचं तूच पाहिलंस का गं त्यांना?”

“हो, सिस्टर. शांत झोपले होते.”

म्हटलं तर यातला एक शब्दही खोटा नव्हता.

निघताना मानांगनं तिला फाटकाशी गाठलं. “सरळ घरी जायचं नाही हं. बेकरीत थांब, पाव घे, दोन मिनिटं कुणाशी तरी बोल. मेलेल्याला वाटेत चुकवायचं असतं, नाहीतर तो मागोमाग घरी येतो. तुझ्या घरात तान्हं पोर आहे.”

हे जेमलिनला सांगायची गरज नव्हती. मयतावरून आल्यावर थेट घरी जायचं नाही, हे तिकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. पण रस्त्यावर आली तर रिकामी तीनचाकी ट्रायसिकल समोरच उभी. घरी टिंटिनचा ताप चढत असेल आणि आपण बेकरीत पाव निवडत उभं राहायचं? ती बसली. ट्रायसिकल बेकरीवरून गेली तेव्हा तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

“थांबलीस का कुठे?” आईनं दारातच विचारलं. आश्रमातली बातमी तिच्याआधी घरी पोचली होती.

“नाही.”

आईचा चेहरा पडला. “अगं बये, कॉलेजात जायचं म्हणून एवढंही सोडलंस?” तिनं पोर आत नेलं, ताटलीत निखारे काढले, त्यावर ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेलं सुकं पातं, लसणीची सालं आणि थोडा धूप टाकला आणि आधी टिंटिनला, मग जेमलिनला त्या धुरातून तीनदा फिरवलं. जेमलिन खोकत उभी राहिली. दुपारपर्यंत ताप उतरला. पोर हसायला लागली, गार झाली, झोपली.

दुपारच्या त्या टळटळीत उन्हात, सगळी गल्ली आडवी झालेली असताना, जेमलिनला ती शीळ ऐकू आली.

टिंटिनच्या नाकातून येत होती. नाक चोंदलं असणार, दुसरं काय? जेमलिन पाळण्यापाशी बसली आणि सवयीनं घड्याळाकडे बघत छाती मोजायला लागली. मिनिट संपलं. वीस.

तिनं पुन्हा मोजले. वीस.

दहा महिन्यांच्या पोराचे श्वास झोपेतसुद्धा पंचवीस-तीसच्या खाली जाता कामा नयेत, हे तिनं प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकात दोनदा अधोरेखित केलं होतं. तिनं तिसऱ्यांदा मोजले, बोटं दुमडत, ओठ हलवत. वीस. मग मात्र तिनं झोपलेलं पोर उचललं आणि चपला न घालता वस्तीतल्या आरोग्य केंद्रात पळाली. तिथल्या सुईणीनं टिंटिनला मांडीवर घेतलं, झोपेत पोरीनं एक जांभई दिली, सुईणीनं मोजलं.

“छत्तीस. अगदी झकास. तू काय मोजलंस?”

“वीस.”

“घड्याळ बघून मोजतेस, की देवाचं नाव घेऊन?” सुईण हसली. “आणि म्हणे नर्सिंगला जायचंय!”

दुसऱ्या दिवसापासून जेमलिननं फेरीत एकही माणूस सोडला नाही. प्रत्येकाच्या खाटेपाशी बसायची, मनगट धरायची, मिनिटभर हलायची नाही. लोला पिलार दम्यानं कुत्र्यासारखी धापा टाकायची, तिचे मोजले. वीस. तिच्या शेजारची मेणासारखी निपचित पडलेली म्हातारी, तिचे मोजले. वीस. जेमलिननं घड्याळातला सेल बदलला. मग घड्याळच बाजूला ठेवलं आणि फोनवर मिनिट लावलं. वीस, वीस, वीस. प्रवाशांच्या जीपनीत समोर एक कोळी तोंड उघडं टाकून झोपला होता, तिनं न राहवून त्याचेही मोजले.

आता चार्टवर काय लिहायचं? खरं मोजून जे येतं ते लिहिलं, तर ते खोट्यासारखंच दिसत होतं. तिनं मोजलेले आणि मानांगनं न मोजलेले, दोन्ही चार्ट शेजारी ठेवले तर ओळखता आले नसते.

“बघ, शेवटी आलीस ना माझ्या वाटेवर,” मानांग म्हणाली. “उगाच एवढे दिवस वाया घालवलेस.”

चौथ्या दिवशी लोलोंची मुलगी इंग्लंडहून आली. एल्विरा. पन्नाशीची, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स. लोलोंचा देह दफनापर्यंत गल्लीतल्या त्यांच्या जुन्या घरात ठेवला होता. अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, मयताच्या जागरणाला पत्ते खेळणारी माणसं, कॉफी, बिस्किटं. जेमलिन आणि मानांग दुपारी भेटायला गेल्या. एल्विरामॅम स्वतःच उठून आल्या.

“जेमलिन तू ना? सिस्टर म्हणाल्या, शेवटची फेरी तुझी होती.”

त्यांनी तिला शवपेटीजवळच्या बाकावर बसवलं. त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाज ड्युटीवरच्या माणसासारखा सरळ होता.

“त्या दिवशी इथल्या पहाटे चार वीसला मला तातयचा फोन येऊन गेला,” त्या म्हणाल्या. आपल्या वडलांना त्या तातय म्हणत. “तिकडे माझी नुकती रात्रीची ड्युटी लागली होती, एक पेशंट हातचा जात होता. मी नाही उचलला. तासाभरानं लावला, तर त्यांनी नाही उचलला. मग इथून निरोप आला. विमानात चौदा तास मी एकच गोष्ट करत होते. तो फोन वाजतोय आणि मी बघतेय.” त्यांनी जेमलिनचा हात हातात घेतला. “मग सिस्टरनी चार्ट दाखवला. सहा दहा. नाडी बहात्तर. श्वास वीस. म्हणजे चार वीसला काही झालं नव्हतं. झोप येत नसली की करायचे ते फोन, नेहमीच करायचे. नंतर झोपले असतील. तू मनगट धरलं असशील ना त्यांचं?”

जेमलिननं मान हलवली. खाली-वर.

“काही बोलले?”

“झोपले होते, मॅम.”

“बरं झालं. देवानं तुला पाठवलं.”

मयताच्या घरचे पाहुण्यांना पोचवायला दारापर्यंत येत नाहीत. एल्विरामॅम बाकावरच बसून राहिल्या. जेमलिन बाहेर पडली, पण पाठीवर त्यांची नजर तिला गल्लीच्या तोंडापर्यंत जाणवत राहिली. आणि त्या नजरेच्या मागे, पेटीच्या काचेखालून, बारीक शीळ.

या वेळी मानांगनं तिला ओढतच बेकरीत नेलं. दोघी पाव चावत उभ्या राहिल्या.

“बघितलंस? तुझ्या त्या विसानं एका माणसाचं भलं केलं,” मानांग म्हणाली. “तिला झोप लागली. आता ते तिथेच राहू दे. गाडून टाक म्हाताऱ्याबरोबर.”

“मला टिंटिनचे श्वास मोजता येत नाहीत, मानांग.”

“मग नको मोजूस! मी चार पोरं वाढवली, एकाचाही श्वास कधी मोजला नाही. चारही जिवंत आहेत. एक तर नको इतका जिवंत आहे.”

जेमलिनला हसू आलं आणि लगेच रडू आलं. बेकरीवाल्यानं तिच्या हातावर आणखी एक पाव ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

पुढचे दिवस ती दुपारभर पाळण्याशी बसून काढायची. पोर झोपलं की तिला भीती वाटायची, जागं झालं की हायसं. आई म्हणायची, अगं, तू अशी टक लावून बसलीस तर लेकरू झोपेल कसं? जेमलिनला सांगता येत नव्हतं, की आपण लेकराकडे बघत नाही आहोत, आकड्याकडे बघतोय. एक गोष्ट तिच्या मनात घट्ट होत चालली होती. उद्या हिला खरंच काही झालं, हिचा श्वास साठावर गेला किंवा दहावर आला, तरी मला दिसणार वीसच. उद्या वॉर्डात माझ्यासमोर माणूस जाईल आणि मी लिहीन, वीस. लोलो घरी आले होते ते पोराला न्यायला नव्हे. ते तिची मोजणी घेऊन बसले होते.

अठ्ठावीस मेला सिस्टर बेनिल्देंनी तिला बोलावून पाकीट हातात दिलं. हजार तास भरून वर चार झाले होते. पाकीट उघडंच होतं. सिस्टरच्या बारीक, तिरक्या अक्षरात ते वाक्य होतं आणि त्याखाली कॉलेजनं न मागितलेलं आणखी एक: ‘शेवटच्या घटकेलाही ही जवळ असते.’

जेमलिननं पाकीट टेबलावर परत ठेवलं.

“सिस्टर, मी त्या दिवशी आत गेले नव्हते.”

सिस्टरनी चष्मा काढला. जेमलिननं सगळं सांगितलं. दार, फोन, पांघरूण, वीस. मानांगचं नाव तिनं घेतलं नाही. झपाटल्याचंही ती बोलली नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण ऐकणाऱ्याला ते कारण वाटलं असतं आणि कारण तर काहीच नव्हतं.

सिस्टरनी पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. मग म्हणाल्या, “हे मला सांगून भागायचं नाही. एल्विरा आज दुपारी सामान न्यायला येणार आहे.”

एल्विरामॅम शेवटच्या खोलीत खाटेवर बसून वडलांचे सदरे घडी करत होत्या. दफन होऊन गेलं होतं, नवव्या दिवसाची प्रार्थनाही झाली होती आणि दोन दिवसांत त्यांचं परतीचं विमान होतं. सिस्टर चार्ट घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. जेमलिन दारात थबकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तिथेच उभ्या आहोत. ती आत गेली. खाटेपर्यंत.

ती बोलत असताना एल्विरामॅमचे हात घडी घालत राहिले. एक सदरा, दुसरा. तिसऱ्या सदऱ्याला थांबले.

“मग कधी?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, मॅम.”

“सहा दहाला जिवंत होते?”

“माहीत नाही. सातला जबडा ताठला होता. हातही.”

हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. उलटी मोजणी त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. सात, सहा, पाच. चारपाशी त्यांचे डोळे मिटले.

“तुला कळतंय, तू काय केलंस?” त्या अगदी हळू म्हणाल्या. “तेव्हा नव्हे. आत्ता. लोक मेलेल्याला घरी न्यायचं नाही म्हणून वाटेत कुठेतरी थांबतात. बेकरीत, चर्चमध्ये, मिळेल तिथे. तो तिथेच राहतो आणि आपण सुटतो. तू माझ्या दारात थांबलीस. आता तू जाशील पोराकडे आणि मी तो फोन घेऊन विमानात बसणार.”

“हो, मॅम.”

“हो म्हणू नकोस!” पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. बाहेर ओट्यावर कुणीतरी म्हातारी काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागली. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत.

जेमलिन रडली नाही. रडायचा हक्क त्या खोलीत आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं. ती उभी राहिली. मग एल्विरामॅमनी मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला, बाही वर केली आणि मनगट पुढे केलं.

“मोज.”

“मॅम?”

“तो चार्ट खोटा आहे म्हणतेस. हे तरी खरं कशावरून? तुला मोजता येतं का ते बघू दे मला. पूर्ण मिनिट.”

जेमलिन खाली गुडघ्यांवर बसली. मनगट गरम होतं, नाडी बोटांखाली धावत होती. सिस्टरनी स्वतःचं घड्याळ काढून तिच्या समोर धरलं. समोरची बाई श्वास लपवत नव्हती. त्यांची छाती भरून यायची, अडकायची, दोन छोटे श्वास एकापाठोपाठ एक निसटायचे, मग एक लांब. जेमलिन प्रत्येकाच्या मागे गेली. कोणत्या आकड्यावर आपण पोचणार, हे तिला माहीत होतं आणि त्याची भीती तिच्या मानेवर बसली होती. अठरा. एकोणीस. वीस. काटा अजून पाऊण मिनिटाशी होता. एकवीस.

“सव्वीस,” ती म्हणाली.

“सत्तावीस.” एल्विरामॅमनी बाही खाली केली. त्यांनीही मोजले होते. ती सवय त्यांच्या रक्तात होती. “शेवटी हुंदका होता, तो तू धरला नाहीस. तोही श्वासच असतो.”

मग सिस्टरनी चार्ट खाटेवर ठेवला. चार्टवरचं कधी खोडून पुसत नाहीत, खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारतात आणि शेजारी सही करतात. जेमलिननं सहा दहाच्या ओळीवर रेघ मारली. ‘पाहिले नाही’, असं लिहिलं. सही केली. डॉक्टरांकडे सिस्टर स्वतः जाणार होत्या.

“पत्राचं...” सिस्टर म्हणाल्या.

“नको, सिस्टर.”

“मी देतच नव्हते. तास उद्यापासून. एकपासून मोजायचे. पुढच्या मेमध्ये पुन्हा माझ्याकडे ये, तेव्हा बघू मी काय लिहिते.”

एल्विरामॅमनी पिशवीची चेन ओढली. जेमलिनला क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. जाताना तिच्याजवळ थांबून एवढंच बोलल्या, “पुढच्या वर्षी कॉलेजात विचारतील. घरची अडचण होती, असं सांगू नकोस.”

मानांग पासिंगला सगळं कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. “पंधरा वर्षं वीस लिहितेय मी, मला कधी कुणी झपाटलं नाही! हे म्हातारे पण बघून माणूस निवडतात.” दोन दिवस ती जेमलिनशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी, पाठमोरीच, विचारलं, “लोला पिलारचे किती आले आज?”

“एकतीस.”

“नेरिसाला सांगितलंस का?”

“सांगितलं. औषध बदललं.”

“हं,” मानांग म्हणाली आणि पेज ढवळत राहिली.

जेमलिनची मोजणी परत आली. टिंटिनचे चौतीस येत, अडतीस येत, रडून झोपली की चाळीसही. लोलो मात्र पूर्ण गेले असं तिला कधी वाटलं नाही. कुठल्याही खोलीच्या दारात ती क्षणभर उभी राहिली, की शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं, खांद्याला खांदा लावून, आत बघत. म्हणून ती दारात थांबेनाशीच झाली. आली की सरळ खाटेपाशी.

पुढच्या जून महिन्यात कॉलेजच्या मुलाखतीला तीन जण टेबलामागे बसले होते. पंखा आवाज करत होता. मधल्या बाईंच्या हातात दोन कागद होते.

“तुझे हजार तास तर गेल्या वर्षीच भरले होते असं इथे दिसतंय,” त्या म्हणाल्या. “मग पुन्हा पहिल्यापासून का? आजारी होतीस? बाळंतपण?”

बाहेर बाकावर आणखी अकरा मुली बसल्या होत्या आणि जागा दोनच होत्या. कारण तयारच होतं, बाईंनीच ते पुढे केलं होतं. तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

“नाही, मॅम,” जेमलिन म्हणाली. “एक आजोबा होते. त्यांच्या मुलीला मी खोटा दिलासा दिला होता.”

बाईंनी कागद खाली ठेवले. डावीकडच्या गृहस्थांनी घड्याळात पाहिलं. जेमलिनच्या मागे खोलीचं दार उघडंच होतं; तिनं तिकडे वळून न बघता पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि टेबलापलीकडचे तिघेही हळूहळू तिच्याकडे वाकले.